देऊळ ते माथा

जुन्नरच्या पश्चिमेला, थेट कोकणात कोसळणाऱ्या कड्यावर ढाकोबा उभा आहे. उंची सुमारे चार हजार फूट, दोर लावावा लागत नाही, फार कोणी जातही नाही. एवढ्या माहितीवर मी बेत आखायला बसलो. त्याआधी सिंहगडाच्या पलीकडे माझी मजल गेली नव्हती.

चाकणला एका कारखान्यात मी उत्पादन नियोजन बघतो, सुट्टी गुरुवारची. जेवणाच्या वेळी सहज विषय काढला, तर एक जण गंभीर झाला. "नवख्या माणसाचं काम नाही ते. दोराला न् लाकडाच्या खोडाला धरून चढावं लागतं, खाली नुसती दरी." मी दोन दिवस बेत गुंडाळून ठेवला. तिसऱ्या दिवशी कळलं, तो बोलत होता ढाक बहिरीबद्दल. ते कामशेतकडून, जांभिवलीवरून जायचं ठिकाण. ढाक वेगळा, ढाकोबा वेगळा! मग पायथ्याचं गाव आंबोली म्हणून फोनमध्ये टाकलं, तर रस्ता निघाला कोल्हापूरच्या दिशेने, सावंतवाडीजवळच्या आंबोलीला. जुन्नर तालुक्यातली, मीना नदीच्या खोऱ्यातली आंबोली शोधायला गावापुढे तालुका लिहावा लागला. नावाच्या घोळात माणूस भलत्याच कड्याखाली पोहोचू शकतो, हे मला खरंच भीतीदायक वाटलं.

पुढचा गोंधळ वेळेचा. यंत्रावर एक नग किती सेकंदांत निघतो हे मी रोज मांडतो, म्हणून इथेही वहीत रकाने आखले: आंबोली ते पठार, पठार ते देऊळ, देऊळ ते माथा. नकाशावर सगळी वाट बोटाच्या पेराएवढी. ताशी पाच किलोमीटर धरले, दोन तासांत माथा. मग नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा हिशेब वाचनात आला: अंतराच्या वेळेत दर सहाशे मीटर चढाला एक तास वाढवायचा. तो वाढवला तरी वाट चुकणं, दम खाणं, पाणी पिणं कुठल्या रकान्यात घालायचं ते समजेना.

उत्तर दिलं ते वाटाड्या मामांनी. आमच्या पेंट शॉपमध्ये जुन्नरकडचा एक जण आहे, त्याने त्यांचा नंबर दिला. मामांनी फोनवर अंतराचं नावच काढलं नाही.

"मुक्काम नाही ना करायचा? मग एक वाजता जिथं असाल तिथनं माघारी."

"माथा समोर दिसत असला तरी?"

"तरी. रानात ढोरवाटा लई फुटत्यात. अंधारात समद्या सारख्याच दिसत्यात."

थंडीत सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि हा सगळा बिबट्यांचा मुलूख. एकचा आकडा मी वहीत लाल शाईने लिहिला. माणशी तीन लिटर पाणी, भाकरी-ठेचा, विजेरी, घरी परतायची वेळ सांगून ठेवणं, हे बाकीचं पटापट झालं.

जानेवारीतल्या गुरुवारी साडेचारला आम्ही तिघं मोशीहून निघालो. चाकणच्या तळेगाव चौकात पहिल्या पाळीच्या बसगाड्यांची कोंडी व्हायच्या आत पुढे सटकलो. जुन्नरनंतर मात्र दाट धुकं. साडेसातऐवजी सव्वाआठला आंबोली. तिथून मामा आमच्याबरोबर निघाले. चढाच्या मध्यावर एका सोबत्याच्या बुटाचा तळ पुढून सुटला आणि जिभेसारखा लोंबायला लागला. कपाटात वर्षभर पडून राहिलेले बूट, डिंक वाळून गेलेला. त्याच्या पाठपिशवीत कामावरचे केबल टाय निघाले. दोन पंजावर, एक टाचेजवळ, करकचून आवळले. खडकावर घासून ते तुटत आणि दर पंधरा मिनिटांनी नवे लावावे लागत. तेवढ्या वेळात मामा एका हिरड्याला टेकून उभे. इथली कितीतरी घरं बाळहिरडा वेचून विकतात, ते सांगत होते.

शेंदूर फासलेल्या ढाकोबाच्या देवळाशी पोहोचलो तेव्हा एकला दहा मिनिटं कमी होती. माथा आणखी अर्धा-पाऊण तास. त्या कड्यावरून जीवधन, नाणेघाट, खाली मुरबाडचा मुलूख दिसतो, त्याच्यासाठी तर आलो होतो. सोबती म्हणाला, "आपण जाऊन येऊ ना पटकन." माझंही मन तिकडेच ओढत होतं. मामा काहीच बोलले नाहीत, माझ्या हातातल्या वहीकडे बघत राहिले.

एक वाजता आम्ही वळलो. उतरताना शेवटचे दोन केबल टायही तुटले आणि सोबत्याला तासभर पाय घासत चालावं लागलं. गाडीपाशी यायला पाच वाजून गेले. बोनेटवर वही ठेवून दोन रकाने भरले. 'देऊळ ते माथा' कोराच राहिला. त्याच्याखाली लिहिलं: मोशीहून साडेतीन, बूट आदल्या दिवशी वाकवून बघणे.