वर्ध्यातले खारे पाणी

वर्ध्यात समुद्राचे काय काम, असे बाबांनी पहिल्याच दिवशी विचारले होते. मी मीठ मोजत होतो. लिटरला साधारण 35 ग्रॅम. प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे माझ्या काचपेटीत नुसते खडक आणि क्लाउनफिशची एक जोडी. तरी शेवाळ चढेच. माशांच्या खाद्याचे शेवटी नायट्रेट आणि फॉस्फेट होते, आणि शेवाळ त्यावरच पोसते.

उपाय म्हणून बायोपेलेट आणले. हे जीवाणूंना पचणाऱ्या प्लास्टिकचे मणी. त्यांतून जीवाणूंना कार्बन मिळतो. वाढताना ते पाण्यातले नत्र व स्फुरद उचलतात आणि स्किमरच्या फेसाबरोबर बाहेर पडतात. शेवाळाला उपाशी ठेवण्यासाठी दुसऱ्याच कुणाला जेवू घालायचे, ही कल्पना मला फार आवडली. (साहित्याच्या माणसाला कल्पना आवडली की मात्रेचे भान राहत नाही.) सांगितल्याच्या दुप्पट मणी एकदम घातले. दुसऱ्या आठवड्यात पाणी दुधाळ झाले, जीवाणूंनी प्राणवायू ओढून घेतला आणि मासे पृष्ठभागाशी धापा टाकू लागले. एक वाचला.

बाबांना सारे समजावून सांगितले. ते म्हणाले, "कच्चा काडीकचरा वावरात घातला का पऱ्हाटी पिवळी पडते. नत्र कचऱ्यातच जाते." जमिनीतल्या जीवाणूंचाही हाच हिशेब. त्याच वावरातल्या कापसावर माझे सगळे शिक्षण झाले, आणि पऱ्हाटी पिवळी का पडते हे मी त्यांना कधी विचारले नव्हते.

आता मणी थोडेथोडेच घालतो. उरलेल्या माशाला खाद्य मात्र बाबा घालतात, चिमटीने.