मुक्काम जिन्याखाली

'कपाट' या शब्दापाशी आमची गाडी दर वर्षी अडते.

मुलांच्या गोष्टी इंग्रजीतून मराठीत आणायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. छापून आलेली पुस्तकं बेताची, फाडलेले खर्डे पुष्कळ. वर्षातून एकदा नव्या अनुवादकांची चार दिवसांची कार्यशाळा घेते आणि पहिल्या सकाळी सगळ्यांपुढे पहिल्या हॅरी पॉटरची सुरुवातीची पानं ठेवते. जे. के. रोलिंगचं हे पुस्तक १९९७ साली लंडनला निघालं. मराठीत ते केव्हाच आलंय, 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावानं. त्याच्याशी बरोबरी करायचा विचार नसतो. जोर काढायला तालमीची माती लागते, तेवढंच.

गोष्ट बहुतेकांना पाठ असते. आईबाप गेलेलं पोर मावशीच्या घरी वाढतं, जिन्याखाली निजतं, आणि अकराव्या वाढदिवशी त्याला कळतं की आपण जादूगार आहोत आणि आपल्यासारख्यांचं एक अख्खं जग या जगाच्या आड लपलेलं आहे. नवे लोक मंत्र, राक्षस, उडते झाडू अशी यादी काढून बसतात. अवघड सगळं पुढं आहे, अशी त्यांची समजूत असते. मी म्हणते, ते राहू द्या. आधी या पोराला निजवा कुठं ते सांगा.

'जिन्याखालचं कपाट' असं सरळ लिहून मी एकदा फसले आहे. तो खर्डा एका ग्रंथालयात तिसरी-चौथीच्या मुलांना वाचून दाखवला, तर एक मुलगी काळजीनं म्हणाली, "पण आत श्वास कसा घेतो तो?" तिच्या डोळ्यांपुढे घरातलं लोखंडी कपाट होतं, हँडल फिरवून लावायचं. साड्यांच्या घड्यांवर मुलगा निजलेला. कुणी 'फडताळ' सुचवतं, पण फडताळ भिंतीत असतं आणि त्यात लोणच्याच्या बरण्या असतात. 'जिन्याखालची खोली' म्हणावं, तर पोराला एकदम खोली मिळाली! स्वतःची खोली तर मला लग्नानंतरही मिळाली नव्हती. शेवटी एका वर्षी वाड्यात वाढलेले एक निवृत्त गृहस्थ आले. त्यांनी जिन्याखाली काय काय असायचं ते सांगितलं : कोळशाचं पोतं, रॉकेलचा डबा, मोडका पाळणा, गणपतीची मखरं. "अडगळ म्हणायचो आम्ही," ते म्हणाले. 'जिन्याखालची अडगळ.' घरात नको असलेलं आणि टाकूनही देववत नाही असं जे काही, ते तिथं. त्यात हा पोरगा.

दुसरा धोंडा 'आंट' हा. इंग्रजीत तो शब्द लिहून लेखिका मोकळी होते, मराठीला पहिल्याच वाक्यात नातं उघड करावं लागतं. निम्म्या खर्ड्यांत 'पेटुनिया मामी' येते, उरलेल्यांत 'काकू'. का, ते मला कळतं. छळ करणारी बाई म्हटली की आपल्या गोष्टींत मामी, काकू, नाहीतर सावत्र आई. पण पेटुनिया ही हॅरीच्या आईची सख्खी बहीण. पुढच्या भागांत कळतं की आईनं जीव देऊन मागं ठेवलेलं संरक्षण त्या रक्तावरच टिकून आहे, आईच्या रक्ताचं माणूस ज्या घरात आहे त्या घरात. मामी केली की पुढच्या पुस्तकांतली जादूच तुटली. मावशीच हवी. आणि मराठीत मावशी म्हटलं की 'माय मरो पण मावशी जगो' ही म्हण वाचकाच्या कानात आपोआप वाजते. इथं माय मेली, मावशी जगली, आणि मावशीनं लेकराला अडगळीत टाकलं. 'क्रूर', 'दुष्ट' असं एकही विशेषण लागत नाही. मूळ इंग्रजीला जे मिळालं नाही ते इथं आपल्या म्हणीनं फुकट दिलंय.

आता तो तिला हाक कशी मारेल? मावशीला आपण 'तू' म्हणतो, आईसारखंच. हॅरी 'मावशी, तू' म्हणाला की त्या घरात नसलेली माया वाक्यात शिरते. 'तुम्ही' म्हणाला की ती परकी होते, आणि ते खरंही आहे. पण सव्वा वर्षाचं असताना दारात ठेवलेलं मूल बोलायला शिकताना 'तुम्ही' म्हणायला कसं शिकेल? कुणीतरी शिकवावं लागेल. मी 'तुम्ही' ठेवते. मावशीच्या नवऱ्याला, व्हर्नन डर्स्लीला, काका. विदर्भातल्या एका मुलीनं 'मावसाजी' सुचवलं होतं, मला ते फार आवडलं, पण तो शब्द त्या डर्स्लीला जरा जास्तच मान देतो.

इंग्रज लेखक आईबापांना इतक्या पटकन का मारतात, हा प्रश्न जेवणाच्या सुट्टीत हमखास निघतो. 'द सीक्रेट गार्डन'मधली मेरी कॉलऱ्यानं पोरकी होते, तीही इथं हिंदुस्थानात. रोआल्ड डालनं तर जेम्सच्या आईवडिलांना सुरुवातीलाच गेंड्याच्या तोंडी दिलं. कारण साधं आहे. आई असती तर दार ओलांडण्याआधी 'जेवून जा' म्हणाली असती. आमच्या गोष्टींत मात्र आईबाप गेले तरी पोर एकटं पडत नाही. आजी उरते, चुलता उरतो, नाही तर शेजारीण. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्याही पोरकाच, पण त्याला सापडतं ते घर. 'पोरका' हा शब्दही मी जपून वापरते. 'अनाथ' लिहिलं की वाचक लगेच नाथ शोधायला लागतो, आश्रमाची पाटी दिसते, देणगीची पावती दिसते. 'पोरका'त नुसता गारठा आहे.

आणि पोरक्या मुलांची अद्भुत गोष्ट आपल्याकडे नाही असं कोण म्हणेल? संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेली चार भावंडं, आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलेलं. थोरल्यानं धाकट्याला गुरू होऊन दिशा दाखवली, मग पैठणला रेड्याच्या तोंडून वेद, आळंदीला चालणारी भिंत, धाकट्या बहिणीनं भावाच्या पाठीवर भाजलेले मांडे. मराठी मूल हे सगळं आजीच्या मांडीवर ऐकतं. म्हणून कार्यशाळेत 'चमत्कार' या शब्दाला मी बंदी घातली आहे. चमत्कार चारचौघांत होतो. पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर, वाघावरून आलेल्या चांगदेवासमोर. साक्षीदार नसेल तर तो चमत्कारच नव्हे. हॅरीच्या जगाचा पहिला नियमच उलटा, बाहेरच्याला कळता कामा नये. त्याला साधी 'जादू' बरी. 'जादूटोणा' तर नकोच, महाराष्ट्रात २०१३ पासून तो कायद्याच्या नावातला शब्द आहे. 'मांत्रिक' म्हटलं की लिंबू आणि टाचण्या दिसतात. उरतो 'जादूगार', टोपीतून कबुतर काढणारा, पण मुलं त्याला घाबरत नाहीत हा त्याचा गुण. 'चेटकीण'ही चालते, मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तल्या चिंचीनं तो शब्द मुलांपुरता तरी धुऊन दिलाय.

जादूचे बाकीचे शब्द अर्ध्या दुपारीत होतात. ते लेखिकेनं घडवलेले असतात, आपणही घडवावेत. फ्रेंच अनुवादक जाँ-फ्रांस्वा मेनार यानं हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेचं 'पुद्लार' केलं आणि मगलांचं, म्हणजे जादू न येणाऱ्यांचं, 'मोल्दू'; फ्रान्समधल्या पोरांनी कुरकुर केल्याचं ऐकिवात नाही. आपल्याकडे कुणीतरी मंत्र संस्कृतात करायला जातं आणि वर्ग खुसखुसतो, कारण सगळं सत्यनारायणासारखं ऐकू येतं. मग लॅटिनच राहू देतो.

'परीस' हा एक शब्द मात्र मला हेवा वाटावा असा. शीर्षकातल्या जादूच्या दगडाला तो तंतोतंत बसत नाही. आपला परीस लोखंडाचं सोनं करतो, अमर करत नाही; त्यासाठी आपल्याकडे अमृताचं वेगळं खातं आहे. पण गोष्टीच्या शेवटी तो दगड नष्ट करतात, आणि परिसा भागवताचा परीस नामदेवांनी चंद्रभागेत भिरकावून दिला ही कथा माहीत असलेला वाचक तिथं मान डोलावतो. म्हणतो, बरोबर केलं.

पुन्हा घरात येऊ. झाडू. मी उत्साहात 'केरसुणी' लिहिलं होतं. माझ्या सासूबाईंनी तो कागद वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "लक्ष्मीपूजनाला जिला हळदकुंकू वाहतो, तिच्यावर टांग टाकून बसायचं?" 'खराटा' हा तोडगाही त्यांनीच दिला, काड्यांचा, दांड्याचा, अंगणातला. हॅरीचा झाडू काड्यांचाच असतो. पण खराट्याला उंच उडता येईल असं मला वाटेना. 'झाडू' राहिला. त्याला ना देवत्व ना वजन.

आणि हॅरीच्या शाळेची गाडी सुटते तो फलाट. नऊ पूर्णांक तीन चतुर्थांश. इंग्रजीत नऊ आणि दहाच्या मध्ये असला आकडा म्हणजे गंमत, तसं कुणी बोलतच नाही. मराठीत त्याला हजार वेळा वापरून गुळगुळीत झालेला शब्द आहे, पावणेदहा. पाऊणकी, सवायकी, औटकी तोंडपाठ केलेल्या माणसांची ही भाषा. अपूर्णांकात तिला कसलं नवल वाटणार? 'पावणेदहाचा फलाट' म्हटलं की वाटतं पावणेदहाची गाडी लागते तो. वर्गातली एक मुलगी म्हणाली होती, मग बरंच आहे की, सगळे गाडीची वेळ समजून पुढे जातात, ज्याला कळतं तोच भिंतीत शिरतो. दार लपवायला यापेक्षा चांगली जागा मला आजवर सुचलेली नाही. लेखिकेच्या हातून ही गंमत निसटली ती केवळ तिची भाषा तोकडी म्हणून, असं त्या दिवशी आम्ही चहाबरोबर जाहीर करून टाकलं.

चौथ्या दिवशी पत्ता. हॅरीला आयुष्यात पहिल्यांदा पत्र येतं. पाकिटावर त्याचं नाव आणि खाली तो निजतो ती जागा, नेमकी. मी सगळ्यांना म्हणते, पाकीट मराठीत लिहा. जवळजवळ सगळे नावाखाली लिहितात : 'द्वारा श्री. व्हर्नन डर्स्ली'. साहजिक आहे. परक्या घरी राहणाऱ्या पोराचं टपाल आपल्याकडे असंच यायचं. मी शिकायला पुण्यात दूरच्या नात्यात चार वर्षं राहिले. माझ्या प्रत्येक पत्रावर 'द्वारा', मग त्या घरच्या कर्त्याचं नाव. पोस्टमन पत्र त्यांच्या हाती देई, ते जेवण झाल्यावर मला देत. कधी कधी दोन दिवसांनी. द्वार् म्हणजे दार, त्याची तृतीया द्वारा, हे मला बी.ए.ला कळलं आणि हसू आलं. दुसऱ्याच्या दारातून.

मूळ पाकिटावर 'द्वारा' नाही. पाठवणाऱ्यानं घरमालकाला वळसा घातलाय. म्हणून तर तो काका बिथरतो, पत्रं जाळतो, पत्र टाकायची फट खिळे मारून बंद करतो. 'द्वारा' खोडायला लावलं की वर्गात थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग लिहायचं काय? 'मु. जिन्याखालची अडगळ'. मुक्काम.

राहतो तो नावाआधीचा शब्द. इंग्रजीत 'मिस्टर'. म्हणजे 'श्री.', अकरा वर्षांच्या पोराला. आपल्याकडे वडीलधारं माणूस मुलाला 'चि.' लिहितं, चिरंजीव, आणि हा मुलगा मुळात जगला म्हणूनच तर त्या जगात प्रसिद्ध आहे! त्याच्यासाठी याहून नेमकं एक अक्षर कुठल्या भाषेत असेल? गेल्या वर्षी यावर हातघाईवर आले लोक. 'चि.'वाल्यांचं म्हणणं, ज्याला कुणी नाही त्याला पहिल्यांदा कुणीतरी घरचं म्हणतंय. मागच्या रांगेत चारही दिवस गप्प बसलेला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "मला चि. लिहिणारे पुष्कळ आहेत. श्री. फक्त बँक लिहिते. ते पाकीट मी अजून जपून ठेवलंय."

माझ्या खर्ड्यात त्या जागी 'श्री.' आहे, त्यावर काट आहे, शेजारी पेन्सिलीनं 'चि.', आणि खोडलेल्या 'श्री.'खाली पुन्हा टिंबं दिलेली आहेत, मुद्रितं तपासणाऱ्यांना कळतील अशी : तसंच ठेवा.