मुळाबरहुकूम

गंगापुरात ‘मोठी प्रिंट काढायचीय’ म्हटलं की कुणीही फ्लेक्सच्या दुकानाकडे बोट दाखवतो. वाढदिवस, निवडणूक, दशक्रिया, सगळ्याला फ्लेक्स. त्याला माझी ना नाही. आठ-पंधरा दिवस टिकावं आणि रस्त्यापलीकडून दिसावं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. पण चित्रकलेचे सर आपलं जलरंगातलं चित्र मोबाइलवर टिपून तिथंच छापायला नेतात, तेव्हा जीव वरखाली होतो. मूळ चित्र नीट डिजिटल करायचं आणि चित्रकाराला विकता येतील अशा प्रती कागदावर उतरवायच्या, हा माझा धंदा.

या कामाचा आमच्या जिल्ह्याइतका कडू अनुभव क्वचितच कुणाला असेल. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करायला ईस्ट इंडिया कंपनीनं १८४४ मध्ये रॉबर्ट गिलला नेमलं. त्यानं वर्षानुवर्षं तिथं राहून कॅनव्हास रंगवले, ते लंडनला गेले आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाले. मग १८७२ पासून जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा त्याच भिंतींसमोर बसले. काम संपत आलं १८८५ मध्ये, आणि त्याच वर्षी लंडनमधल्या साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांतल्याही कितीतरी प्रती गेल्या. पण मला जास्त लागतं ते वेगळंच. रेषा नीट दिसाव्यात म्हणून त्या काळात भिंतींवरच्या चित्रांना व्हार्निश फासलं गेलं. ते पुढं पिवळं पडलं आणि पुरातत्त्व खात्याला ते काढत बसावं लागलं. प्रतीच्या हौसेपायी मूळच डागाळलं! म्हणून माझ्याकडे आलेल्या चित्राला मी काही लावत नाही, काही पुसत नाही, तापणारा दिवा त्याच्याजवळ नेत नाही.

एका सरांचं कायगाव-टोक्याचं चित्र मध्यंतरी आलं होतं. काळ्या दगडाचं सिद्धेश्वराचं देऊळ, खाली गोदावरीचं करडं पाणी, आणि आभाळाच्या जागी कागद जवळजवळ कोराच सोडलेला. असलं चित्र ऑफिसच्या स्कॅनरवर टाकलं तर फिकट आभाळ साफ उडून जातं. म्हणून कॅमेरा. भिंती करड्या, खिडकीला काळा पडदा, दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत दिवे. चित्राच्या मधोमध एक छोटा आरसा धरायचा. कॅमेऱ्यातून बघताना भिंगाला आपलंच तोंड बरोबर मध्यावर दिसलं तर कॅमेरा समांतर, नाहीतर देवळाचा कळस कलणार. आरसा बाजूला केला की त्याच उजेडात रंगांच्या पट्ट्यांचं कार्ड टिपून ठेवायचं. पुढची सगळी रंगजुळणी त्या कार्डावर चालते. चित्र १८ बाय २४ इंच, इंचाला ३०० बिंदू धरले तर ५४०० गुणिले ७२००, म्हणजे चार कोटींच्या आत-बाहेर बिंदू लागतात. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत ते कुठून आणायचे?

तैलरंगाची तऱ्हा निराळी. जाड रंगावर उजेड चमकतो, म्हणून दिव्यांवर आणि भिंगावर पोलरायझर लावून चमक मारतो. पण पूर्ण मारली तर ब्रशचे फटकारे सपाट होतात. थोडी चमक राखावी लागते, आणि किती राखायची ते डोळ्यालाच ठरवावं लागतं.

मग नमुन्याची पट्टी छापून मुळाशेजारी धरायची, उत्तरेच्या खिडकीत, ट्यूबलाइटखाली नाही. काही रंग मुळात छापलेच जात नाहीत. फ्लोरोसंट पोस्टर कलर विझतो, राणी गुलाबी मळकट होतो, सोनेरीचा पिवळट तपकिरी होतो. हे मी आधीच सांगून टाकतो.

पट्टी बघून सर म्हणाले, “भाऊ, आभाळ जरा उठवा की.”

“सर, मुळात कुठं उठलंय?”

ते हसले, पण मोबाइलच्या पाठीमागून उजळलेल्या पडद्यानं सगळ्यांचेच डोळे बिघडवलेत. ज्याला उठाव हवा त्यानं तो ब्रशनं द्यावा, माझ्या माउसनं नाही. याबाबतीत मी हट्टी आहे आणि त्यापायी गिऱ्हाइकं गेलीही आहेत.

कागद सुती, आम्लविरहित. झगझगीत पांढरा कागद नको, त्यातली चमक आणणारी रसायनं काही वर्षांत दम सोडतात आणि कागद पिवळसर दिसू लागतो. शाई पिगमेंटची. एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत प्रिंटरची नोझल सुकतात, तेव्हा घरात माणसांच्या आधी यंत्राच्या खोलीला कूलर लागतो. बायको यावर काय म्हणते ते इथं लिहीत नाही.

मराठी घरांत चित्र शिरलं ते छापूनच. रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि लक्ष्मी-सरस्वती देवघरांत जाऊन बसल्या. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा दिवाळी अंक सुरू केला. त्यांची चित्रं बहुतेकांनी पाहिली ती अशा अंकांतच. तिथं प्रती जितक्या जास्त तितकं चांगलं. आमच्याकडे उलट: पन्नास ठरल्या तर पन्नासच, खाली पेन्सिलीनं ७/५० आणि सही. एक्कावन्नावी काढून द्या म्हणणारे भेटतात. ती मी काढत नाही, कारण आधीच्या पन्नासांना आपण काय सांगून विकलं ते मला ठाऊक असतं.

कायद्याचं मात्र चित्रकारांना फारसं माहीत नसतं. चित्र विकलं म्हणून कॉपीराइट विकला जात नाही. १९५७ च्या कायद्यानं तो लेखी दिल्याशिवाय जात नाही, आणि चित्रकाराच्या पश्चात ६० वर्षं टिकतो. पण कुणी पैसे देऊन आजोबांचं पोर्ट्रेट करून घेतलं, तर वेगळा करार नसल्यास पहिला हक्क करवून घेणाऱ्याचा. गावातली निम्मी कमाई अशा पोर्ट्रेटचीच. म्हणून मी सरांना दोन कामं सांगतो: ऑर्डर घेताना पावतीवर ‘प्रती छापण्याचा हक्क चित्रकाराकडे’ एवढी ओळ लिहून दोघांच्या सह्या घ्या, आणि चित्र गिऱ्हाइकाच्या गाडीत चढण्याआधी एक दिवस माझ्याकडे ठेवा.