तुळजापूरची कवडी व समुद्रावरील पण

तुळजापुरास महाद्वाराकडे जाणाऱ्या रस्त्यानें चालूं लागलें कीं, दोन्ही बाजूंच्या दुकानांत हळदीकुंकवाच्या राशी, परड्या, पोत आणि कवड्यांच्या माळा मांडलेल्या दिसतात. आई भवानीचे आराधी ही माळ गळ्यांत घालून व परडी हातीं घेऊन जोगवा मागतात. ज्यांचें बालपण धाराशिव जिल्ह्यांत गेलें, त्यांस ही माळ इतकी परिचयाची असते कीं, तिच्याविषयीं प्रश्नच पडत नाहीं. वास्तविक कवडी हें समुद्रांतील एका गोगलगायीचें कवच. बालाघाटाच्या या कोरड्या डोंगरांपासून कोंकणचा किनारा सुमारें तीनशें किलोमीटर दूर आहे. मग समुद्राचें हें धन येथें देवीच्या दारीं कसें पोंचलें?

याचें उत्तर जुन्या व्यापारांत आहे. मालदीव बेटांच्या कवड्या शतकानुशतकें हिंदुस्थानांत चलन म्हणून वापरल्या जात. आमच्या जिल्ह्यांतील तेर हें गांव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर त्याचा उल्लेख आहे. तेथील माल गाड्यांतून भडोच बंदरास जात असे. तेथें रोमन नाण्यांच्या नकलेचीं मातीचीं पदकें सांपडलीं आहेत, तींही नाण्याचें रूप धारण करणारीं, पण नाणें नव्हेत अशीं. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'च्या आरंभीं जें कोष्टक आहे, त्यांत वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण आणि सोळा पणांचा एक द्रम्म सांगितला आहे. हें कोष्टक वर्गांत सांगतांना आम्ही मुलांस एक गंमत दाखवीत असूं. 'पण' हा शब्द नाण्याचाही वाचक आहे आणि द्यूतांत लावलेल्या डावाचाही. ज्या कवडीनें बाजार होई, तीच सारीपाटावर दान म्हणून पडे. एकाच वस्तूच्या अंगीं व्यवहार आणि जुगार हीं दोन्ही राहात होतीं.

हें सर्व आम्हांस पुस्तकांतून ठाऊक होतें. त्याचा अनुभव मात्र गेल्या मार्गशीर्षांत एका जहाजावर आला, आणि तो फारसा अभिमानानें सांगण्याजोगा नाहीं.

पुण्याच्या आमच्या पुतण्यानें मुंबईहून गोव्यास जाऊन परत येणाऱ्या प्रवासी जहाजाचीं तिकिटें काढलीं व आम्हां उभयतांस आग्रहानें बोलावलें. बेत असा ठरला कीं, परततांना सोलापुरास उतरून तुळजापुरास कुलस्वामिनीचें दर्शन घ्यावें, ओटी भरावी व मग घरीं जावें. त्यासाठीं आमच्या कुटुंबानें घरखर्चांतून वांचवलेले अकराशें रुपये एका पाकिटांत घालून, त्यास हळदकुंकू लावून पिशवींत ठेवले होते.

धाराशिवहून रात्रीच्या गाडीनें आम्ही मुंबईस पोंचलों. बॅलार्ड पिअर येथें विमानतळाप्रमाणेंच झडती झाली आणि प्रत्येकाच्या हातीं एक कार्ड देण्यांत आलें. तेंच खोलीची किल्ली, तेंच ओळखपत्र व तीच पैशांची पिशवी. जहाजावर चहाच्या पेल्यासही कोणी खिशांतून पैसे काढीत नाहीं. कार्ड दाखवावें, रक्कम खात्यावर चढते. समुद्राचें वर्णन करण्याचा हा प्रसंग नव्हे. एवढेंच सांगतों कीं, सूर्यास्ताच्या वेळीं वरच्या मजल्यावर संध्येचें आचमन करतांना चहूंकडे पाणी पाहून आम्हांस अगस्ति ऋषींची आठवण झाली.

किनाऱ्यावरील दिवे दिसेनासे झाल्यावर एका दालनाचे दरवाजे उघडले. हाच कॅसिनो. जहाज बंदरांत असतांना तो बंद कां, असें आम्हीं विचारलें. पुतण्या म्हणाला, "काका, जमिनीवरचा कायदा पाण्यांत थोडा मागें पडतो." या कायद्यांचा इतिहास मनोरंजक आहे. महाराष्ट्रांत १८८७ सालापासून जुगारबंदीचा कायदा आहे. १९७६ सालीं कॅसिनोंस परवाने देणारा कायदा येथेंही संमत झाला होता, परंतु तो कधींच अमलांत आला नाहीं व २०२३ सालीं मंत्रिमंडळानें तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. गोव्याचा जुगारबंदीचा कायदाही १९७६ चाच. मात्र त्यांत १९९२ सालीं पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांस आणि १९९६ सालीं जहाजांवरील खेळांस वाट करून देण्यांत आली. भारताची सागरी हद्द किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे सुमारें बावीस किलोमीटर, ठरविणारा कायदा पुन्हां १९७६ चाच! त्या एका वर्षानें जमीन, पाणी आणि द्यूत या तिहींच्या सीमा आंखल्या.

आंत गेल्यावर प्रथम एक खिडकी लागते. तेथें पैसे भरले कीं तितके 'क्रेडिट' कार्डावर चढतात. एका क्रेडिटास एक रुपया, असें तेथील तरुणानें सांगितलें. दोन हजार भरणारास पांचशें क्रेडिट बक्षीस होते. आम्ही केवळ कुतूहल म्हणून, आणि खरें सांगावयाचें तर पुतण्यासमोर आपण जुन्या वळणाचे भित्रे ठरूं नये म्हणून, दोन हजार रुपये भरले. बक्षिसाचे क्रेडिट रोख मिळत नाहींत, ते खेळावेच लागतात, हा नियम पावतीच्या पाठीमागें बारीक अक्षरांत होता. जन्मभर मुलांस 'प्रश्न पूर्ण वाचा' म्हणून सांगणाऱ्या आम्हीं तो नंतर वाचला.

कार्ड यंत्रांत घातलें. पडद्यावर २,५०० हा आंकडा उमटला. त्याच्यापुढें रुपयाचें चिन्ह नव्हतें. ही क्षुल्लक दिसणारी गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. हातांतील नोट खर्च करतांना बोटांस तिचा वियोग जाणवतो. आंकडा कमी होतांना बोटांस कांहींच जाणवत नाहीं. शाळेच्या परीक्षेंतील गुणांप्रमाणें तो वाढतो व घटतो, आणि गुण वाढावेत अशी इच्छा धरण्यास कोणास लाज वाटते?

वीस वीस क्रेडिट लावीत आम्ही बसलों. कांहीं वेळानें घंटा वाजल्या, चित्रें जुळलीं आणि आंकडा ३,६४० झाला. पुतण्या म्हणाला, "काका, आतां उठा. मुद्दल काढून घ्या." आम्ही म्हटलें, "थांब, जरा रंगांत येऊं दे." तो निजावयास गेला. साडेअकराच्या सुमारास आंकडा शून्य झाला.

येथेंच थांबलों असतों तर हा लेख विनोदी झाला असता. आम्ही खोलींत गेलों. मंडळी निजली होती. 'गेलेले दोन हजार परत आणून मग निजूं; देवीचे पैसे सकाळीं पाकिटांत जसेच्या तसे ठेवूं' असा विचार करून आम्हीं तें पाकीट काढलें. हळदकुंकू बोटांस लागलें तें रुमालास पुसलें. या वेळीं बक्षीस नव्हतें, घंटाही वाजल्या नाहींत. अर्ध्या तासांत अकराशें रुपये गेले.

रात्रभर झोंप लागली नाहीं. गणिताचा चाळा म्हणून हिशेब मांडला. ज्या चक्राला रूलेट म्हणतात, त्याच्या साध्या प्रकारांत ३७ घरें असतात आणि एका घरावर लावलेला पण जिंकल्यास एकास पस्तीस मिळतात. प्रत्येक घरावर शंभर लावावे तर ३,७०० रुपये लागतील. जिंकलेल्या घराचे ३,५०० व मूळचे शंभर मिळून ३,६०० परत येतील. म्हणजे कोणीही कांहीं लबाडी न करतां शंभर रुपये मालकाचे. यंत्राचें तत्त्व हेंच, त्याचा वेग मात्र अधिक. मिनिटास सहा वेळां वीस रुपये लावले तर तासास ७,२०० रुपयांचे पण होतात. दोन हजार भरणारा मनुष्य समजतो कीं आपण दोन हजारांचा खेळ खेळलों. वस्तुतः तेच पैसे फिरून फिरून लागतात आणि प्रत्येक फेरींत थोडे झिजतात. समजा, यंत्रानें शंभरांतील पांचच ठेविले, तरी या वेगानें तासास सरासरी ३६० रुपये गेले. भरलेल्या रकमेवर नव्हे, फिरलेल्या रकमेवर ही झीज असते.

सरकारही यांत आहेच. कॅसिनोच्या चिप्ससाठीं भरलेल्या पूर्ण रकमेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के वस्तु व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत द्यूताध्यक्ष नेमून खेळ एकाच ठिकाणीं चालवावा असें सांगितलें आणि जिंकलेल्या धनांतून शंभरास पांच घ्यावे, फांशांचें भाडें निराळें घ्यावें, अशी व्यवस्था केली. मनूनें राजास द्यूत बंदच करण्यास सांगितलें. बंद करावें कीं कर घ्यावा, हा वाद १९७६ चा नव्हे, दोन हजार वर्षांचा आहे.

परंतु हा हिशेब आम्हांस अगोदर येत नव्हता असें थोडेंच होतें! ज्ञानाच्या अभावीं आम्ही हरलों नाहीं. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकांत संवाहक नांवाचा जुगारी दहा सुवर्ण हरून पळतो व ओस देवळांत मूर्ति बनून उभा राहतो. पाठलाग करणारे तेथेंच डाव मांडतात, आणि फांशांचा आवाज कानीं पडतांच ही मूर्ति आपण होऊन खालीं उतरते. हा प्रवेश शिकवितांना वर्ग हंसत असे आणि आम्हीही हंसत असूं.

सभापर्व शिकवितांना एक प्रश्न मात्र मुलें हटकून विचारीत. पहिल्या द्यूतांत गेलेलें सर्व राज्य धृतराष्ट्रानें परत दिलें असतां धर्मराज दुसऱ्यांदा खेळावयास कां बसला? वडील धृतराष्ट्राची आज्ञा, क्षत्रियाचें व्रत, विधिलिखित, अशीं उत्तरें आम्ही देत आलों. तीं चुकीचीं नव्हेत. पण त्या रात्रीं खोलीच्या अंधारांत आम्हांस आणखी एक उत्तर मिळालें. जो हरला त्यास हरल्याचें दुःख असतें, परंतु जो परत मिळवूं शकतों असें समजतो, त्यास आपण अद्याप हरलोंच नाहीं असें वाटत असतें. पहिला पण माणूस हौसेनें लावतो. दुसरा पण तो आपली लाज झांकण्यासाठीं लावतो. म्हणून दुसराच घातक.

गोव्याचा किनारा, तेथील देवालयें, परतीचा प्रवास, यांत आमचें लक्ष नव्हतें. सोलापुराहून मोटारीनें तुळजापुरास आलों. पायऱ्या उतरलों, गोमुखतीर्थावर हातपाय धुतले, कल्लोळतीर्थाचें पाणी मस्तकीं लावलें. देवळाच्या आवारांत चिंतामणि नांवाचा एक वाटोळा दगड आहे. मनांत प्रश्न धरून त्यावर दोन्ही हात ठेवावे. तो उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार, स्थिर राहिला तर विलंब, अशी श्रद्धा आहे. शिवछत्रपति मोहिमेपूर्वीं येथें कौल घेत असत, असें लोक सांगतात. आम्हीही रांगेंत उभे राहिलों. 'हिला सांगावें कीं नाहीं?' हा आमचा प्रश्न. आमची पाळी आली, हात पुढें झाले, आणि एकदम मनांत आलें कीं हाही आपण पणच लावीत आहों. ज्याचें उत्तर आपणांस ठाऊक आहे, तें दगडाच्या वळण्यावर कशासाठीं टाकावयाचें? आम्ही हात मागें घेतले व रांगेबाहेर आलों.

मंडळी ओटीचें सामान घेण्यास दुकानाशीं उभी होती व पाकीट शोधीत होती. आम्हीं तेथेंच सर्व सांगितलें. ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "अहो, दोन हजार तुमचे होते, त्याचें मी कांहीं म्हणत नाहीं. हे तिचे होते. ओटी आज भरायची नाहीं; उसने घेऊनही नाहीं. तुम्ही सांठवा, मग येऊं."

त्या दिवशीं आम्हीं रिकाम्या हातीं दर्शन घेतलें. घरीं आल्यावर आम्ही रोज थोडे पैसे एका डब्यांत टाकूं लागलों. सायंकाळचा बाहेरचा चहा व एक वृत्तपत्र बंद केलें. पौषांत शाकंभरी नवरात्र आलें तेव्हां अकराशें पुरे झाले होते. नाणीं व नोटा मोजून तिच्या हातीं दिल्या. नोट बोटांतून सुटतांना काय वाटतें, हें त्या वेळीं पुन्हां नीट कळलें.

जहाजानें जाणारांनीं अवश्य जावें. समुद्र पाहण्याजोगा आहे. त्या दालनांत पाऊल पडलेंच तर जेवढी रक्कम गेली असें आधींच समजतां येईल तेवढीच भरावी, बक्षिसाचा नियम आधीं वाचावा, शिल्लक असेल ती उतरण्यापूर्वीं खिडकीवर जाऊन रोख करून घ्यावी, आणि दुसऱ्यांदा त्या खिडकीशीं जाऊं नये. ओटी भरून परततांना मंडळीनें एका दुकानांतून कवड्यांची लहान माळ घेतली. ती आमच्या लिहिण्याच्या मेजावर, खिळ्यास टांगली आहे. तिनें तसें कां केलें तें तिनें सांगितलें नाहीं, आणि आम्हींही विचारलें नाहीं.