टाकीचं झाकण

औंढा नागनाथहून हिंगोलीकडे येताना गाडीत पेट्रोलचा मंद वास दरवळत होता. लहानपणी हा वास आवडायचा. आता जीव घाबरा होतो. मेच्या उन्हात टाकीतली वाफ वाट शोधतेच. झाकण आवळलं, तर नेहमीचा ‘कट’ आवाज नाही. आतलं रबरी वॉशर कडक झालेलं, एका बाजूनं तडकलेलं. त्या तड्यावरून बोट फिरवत बराच वेळ उभा राहिलो. टाकीतली वाफ गाडीतल्या कोळशाच्या डब्यात अडावी, मग इंजिनात जळावी, ही सारी व्यवस्था या एवढ्याशा रबरावर विसंबलेली. पावसाळ्यात इथूनच पाणीही शिरू शकतं. झिजणं इतकं निमूट का असतं? नव्या झाकणानं वास जाईल बहुधा. नाहीच गेला, तर पाइप तपासायला हवा. उद्या कळमनुरीला निघण्याआधी मेकॅनिकला दाखवणार आहे.