वीरगळाची शिफारस

माझे वडील पन्नासच्या दशकात नोकरीनिमित्त हैदराबादेस आले आणि तेथेच स्थिरावले. आता आमची चौथी पिढी त्या शहरात नांदते आहे. तरीही वर्षातून एकदा गाणगापूरचे दर्शन घ्यावे आणि तेथून भालकी तालुक्यातील मूळ गावी जाऊन मारुतीला नारळ फोडावा, हा वडिलांनी घालून दिलेला नेम शक्यतो चुकू दिलेला नाही. गेल्या हिवाळ्यात सोबतीला थोरला नातू होता. महाविद्यालयात शिकणारा हा मुलगा एरवी गावाचे नाव काढले की अभ्यासाची सबब सांगतो. या खेपेस तो आपण होऊन निघाला, तेव्हा मला नवल वाटले. कारण विचारले तर म्हणाला, "आजोबा, मला तिथली ठिकाणे खेळात घालायची आहेत."

गाडीत त्याने मला या खेळाची माहिती दिली. खेळाडूच्या फोनवर भोवतालच्या खऱ्या रस्त्यांचा नकाशा उमटतो. माणूस चालू लागला की नकाशातील बाहुलाही चालू लागतो. वाटेतील पुतळे, देवळे, कारंजी, जुन्या वेशी हे त्या नकाशावरील थांबे असतात, आणि प्रत्यक्ष जवळ जाऊन उभे राहिल्याखेरीज तेथील सामान हाती लागत नाही. नायांटिक या अमेरिकन कंपनीने २०१२ साली 'इंग्रेस' हा अशा प्रकारचा खेळ काढला. पुढे २०१६ च्या जुलैत आलेल्या 'पोकेमॉन गो'ने जगभर तरुणांना वेड लावले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो रीतसर भारतात आला, तेव्हा रिलायन्स समूहाची हजारो दुकाने या खेळातील थांबे म्हणून जाहीर झाली होती.

"म्हणजे दुकानांना मान, आणि आपल्या गावच्या मारुतीला नाही?" मी विचारले.

"म्हणूनच तर आपण सुचवायचे," तो म्हणाला.

सुचवण्याची रीत मला मोठी मार्मिक वाटली. स्थळाचा एक फोटो, त्याच्या परिसराचा दुसरा, एक शीर्षक, चार ओळींचे वर्णन आणि हे स्थळ का घ्यावे याचे कारण, एवढे पाठवायचे. निर्णय बहुतांशी इतर खेळाडूच देतात, आणि त्यांनी ते गाव कधी पाहिलेलेही नसते. स्थळ कायमचे असावे, तेथे पायी सुरक्षितपणे पोहोचता यावे, आणि हिंडून पाहण्याजोगे, व्यायामाचे किंवा चार माणसे जमण्याचे ते ठिकाण असावे. खाजगी घर चालत नाही, शाळेचे आवार चालत नाही. फोटो स्वतः काढलेला हवा.

गाणगापुरात उतरलो तेव्हा माझ्या मनात थोडी धास्ती होती. भीमा आणि अमरजा यांच्या संगमावर स्नान करावे, निर्गुण पादुकांचे दर्शन घ्यावे, मध्यान्ही झोळी घेऊन माधुकरी मागावी, असा तेथला परिपाठ. तेथे फोन हाती धरून हिंडणारा मुलगा लोकांना कसा दिसेल? देवळांत खेळातील अंडी दिसतात म्हणून २०१६ साली गुजरात उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली होती, हे मला आठवत होते. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयानेही त्याच वर्षी आपल्या वास्तूत हा खेळ खेळू नये अशी विनंती प्रेक्षकांना केली होती. परंतु मी काही बोलण्यापूर्वीच नातवाने फोन पिशवीत टाकला. "देऊळ नियमात बसते आजोबा, पण इथे लोक डोळे मिटून उभे आहेत. हे खेळाचे ठिकाण नाही." त्या दुपारी त्याने पाच घरी माधुकरी मागितली. त्याच्या शहाणपणाविषयीची माझी शंका तेथेच फिटली.

तेथून आम्ही कलबुर्ग्यास आलो. जुन्या मंडळींच्या तोंडी अजून गुलबर्गाच आहे. सरकारदरबारी नाव बदलले ते २०१४ साली. किल्ल्यातील जामा मशीद १३६७ सालची. तिला मोकळे अंगण नाही, सबंध वास्तू छपराखाली आहे, आणि कमानींच्या रांगांतून झिरपणारा उजेड पाहत तास कसा गेला ते कळले नाही. दुसऱ्या दिवशी बीदरची गाडी धरली. हा लोहमार्ग २०१७ साली सुरू झाला. पंधराव्या शतकात बहमनींनी आपली राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला हलवली; तोच प्रवास आम्ही काही तासांत केला. वाटेत हुमनाबाद आले. जवळच माणिकनगर आहे. मराठी, कानडी, हिंदी अशा अनेक भाषांत पदे रचणाऱ्या माणिकप्रभूंना मनोमन नमस्कार केला.

बीदरला किल्ला आणि महमूद गावानचा १४७२ सालचा मदरसा आधीच नकाशावर होते. मदरशाच्या दोन मिनारांपैकी एकच आता उभा आहे, आणि त्यावर रंगीत कौलांचे अवशेष आहेत. अशा वास्तूंना आमच्या शिफारशीची गरज नव्हती. नातवाचे लक्ष वेधले ते नौबादच्या करेझने. जमिनीखालून पाणी वाहून नेणारा हा खोदीव बोगदा, आणि त्यावर अंतराअंतराने पाडलेल्या उभ्या विहिरी. असे काम या शहरात झाले होते हे त्याच्या गावीही नव्हते. पण त्या विहिरींच्या तोंडाशी कोणी फोनकडे पाहत आले तर, या विचाराने त्याने शिफारस केली नाही. नकाशावर न घालणे हेही कधी कधी त्या स्थळाची कदर करणे असते, असे मला वाटून गेले.

मग आले आमचे गाव. १९५६ साली निजामी अमदानीतील जुन्या बीदर जिल्ह्याची तीन राज्यांत वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि भालकी म्हैसूर राज्यात. आमच्या घराण्यातील तीन बहिणींची सासरे अशी तीन राज्यांत पडली. माझ्या आजीने मात्र गाव सोडले नाही. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही मुले जमलो की ती आम्हांला मारुतीच्या देवळाच्या भिंतीशी टेकून ठेवलेल्या एका कोरीव शिळेपाशी नेई आणि सांगे, "हा आपला पूर्वज. गावच्या गाई सोडवताना पडला." ती कथा मी माझ्या मुलाला सांगितली, नातवाला सांगितली. शिफारस करावी तर या शिळेची, असे घरून निघतानाच ठरले होते.

आम्ही तेथे उभे असताना शेजारचे अण्णा काठी टेकत आले. ते घरी कानडी बोलतात आणि आमच्याशी मराठी. वयाने ऐंशीच्या घरात असावेत. मी नातवाला पूर्वजाची कथा लिहून घ्यायला सांगत होतो. ती ऐकून अण्णा हसले.

"अरे, हीच गोष्ट आमच्या अज्जीने आम्हांला सांगितली. पण तिच्या गोष्टीत तो आमचा पूर्वज होता."

मी क्षणभर निरुत्तर झालो. खरे सांगायचे तर मला वाईट वाटले. साठ वर्षे जपलेले काहीतरी कोणी अलगद हातातून काढून घ्यावे तसे झाले. नातवाने शांतपणे विचारले, "आजोबा, यावर नाव कुठे कोरले आहे?" नाव कोठेच नव्हते. शिळेवर एकही अक्षर नाही.

"मग जे दिसते तेवढेच लिहू," तो म्हणाला.

आणि आम्ही तिघे त्या शिळेपुढे बसून, आयुष्यात प्रथमच, ती नीट पाहू लागलो. खालच्या चौकटीत तलवार उगारलेला पुरुष आणि त्याच्यामागे गाई. मधल्या चौकटीत दोन अप्सरा त्याला वर घेऊन जात आहेत. वरच्या चौकटीत शिवलिंग, त्यापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. ते आकाशात आहेत तोवर याची कीर्ती राहो, हा त्यांचा अर्थ. लढण्यात आलेल्या मरणाचा एवढा वृत्तांत दगड मुकाट्याने सांगत होता. पूर्वज कोणाचा, हे मात्र त्याने सांगितले नव्हते.

शीर्षकाची वेळ आली तेव्हा मी म्हटले, "वीरगळ." अण्णा म्हणाले, "वीरगल्लु." आणि दोघेही थांबलो. कानडीत कल्लु म्हणजे दगड. वीराचा दगड तो वीरगल्लु, आणि त्याच शब्दाचा आमचा वीरगळ. ज्या शब्दाने मी पूर्वजावर हक्क सांगत होतो, तो शब्दच अण्णांच्या अज्जीच्या भाषेतून आमच्याकडे आला होता. नातवाने दोन्ही नावे शेजारी शेजारी लिहिली. वर्णनात पूर्वज कोणाचाच नव्हता. "गाई राखताना पडलेल्या वीराचे स्मारक" एवढेच होते.

ती शिफारस नाकारली गेली. संध्याकाळच्या अंधुक उजेडात काढलेल्या फोटोत कोरीव काम दिसतच नव्हते, आणि दूर कोठेतरी बसलेल्या परीक्षकांना तो नुसता धोंडा वाटला असावा. नातू खट्टू झाला. पण अण्णांची नातही हा खेळ खेळते, हे या निमित्ताने कळले. तिने सकाळच्या तिरप्या उन्हात नवा फोटो काढला, कानडी मजकुराची भर घातली आणि शिफारस पुन्हा धाडली. ती मंजूर झाल्याचे अण्णांनीच दूरध्वनीवरून कळवले. त्यांच्या आवाजात आनंद होता, आणि मला तो आपलाच वाटला.

विचार केला तर हेच रास्त झाले. आपण गाव सोडून आलेली माणसे. गावाच्या कथा आपण जपून ठेवतो. गावाचे दगड जपतात ते तेथे राहिलेले. सकाळचे ऊन त्या शिळेवर कोणत्या बाजूने पडते, हे मला हैदराबादेत बसून कधीच कळले नसते.

वाचकांना एकच विनंती करतो. खेळ खेळा अथवा न खेळा. पण आपल्या मूळ गावातील एखाद्या स्थळाविषयी, ते ज्याने कधी पाहिलेले नाही अशा परक्या माणसासाठी, चार ओळी लिहून पाहा. तेथे काय दिसते, तेवढेच लिहा. आणि लिहिण्यापूर्वी, तेथे राहणाऱ्या शेजाऱ्याला त्याच्या अज्जीने काय सांगितले होते, तेही अवश्य विचारा.