छातीला तेल, श्वासावर नजर

पावसाळा लागला की आमच्या घरी खोबरेल तेलाची वाटी चुलीजवळ येते. अम्मी त्यात ओवा कडकवतात, वरून कापूर चुरतात आणि ज्या मुलाचे नाक वाहत असेल त्याला पुढ्यात ओढतात. छाती, पाठ, तळपाय. ओठांवर आयतुल कुर्सी, शेवटी मुलावर दम. आमचे बालपणही कोकणात अशाच हातांखाली गेले. त्यामुळे या हातांविरुद्ध बोलण्यासाठी आम्ही लिहायला बसलेलो नाही.

पण आठ वर्षांपूर्वीची जुलैतली एक रात्र आम्ही दोघे विसरू शकत नाही. धाकटा सात महिन्यांचा होता. दोन दिवस सर्दी, मग खोकला. दुधाला तोंड लावायचा आणि सोडून द्यायचा. अम्मींनी मालिश केल्यावर तो शांत पडला. आम्हाला वाटले, उतार पडला. ईशाच्या नमाजनंतर अंगडे वर केले तेव्हा दिसले, प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची जागा आत ओढली जात होती. मूल शांत नव्हते, थकले होते.

रिक्षाने तालुक्याला नेले. डॉक्टरांनी घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. 68. लगेच ऑक्सिजन लावला. विषाणूमुळे फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिका सुजल्या होत्या. चार दिवसांनी, अल्लाहच्या कृपेने, मूल घरी आले.

अम्मी गुन्हेगारासारख्या कोपऱ्यात बसून होत्या. खरे तर चूक आमची होती. आम्ही शिकलेले, वर्गात श्वसनसंस्थेची आकृती काढून दाखवणारे. पण स्वतःच्या मुलाचे श्वास एकदाही मोजले नव्हते.

डॉक्टरांनी जे समजावले ते प्रत्येक आईबापाला माहीत असावे. मालिशने कातडी गरम होते, मूल सुखावते, झोप लागते. आतली सूज मात्र तेलाने उतरत नाही. म्हणून तेलाच्या वाटीआधी घड्याळ घ्यावे. मूल शांत असताना मिनिटभर श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा अधिक, एक ते पाच वर्षे 40 किंवा अधिक भरले तर मालिश बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. छाती आत ओढली जाणे, दूध सोडणे, ओठ निळसर होणे, मूल सुस्त पडणे, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

कापूर दोन वर्षांखालील मुलाला लावू नये. पोटात गेला तर झटके येऊ शकतात. नाकात तेल सोडू नये. ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. कफ सुटावा म्हणून पाठ थोपटायची असेल तर ती फिजिओथेरपिस्टने सांगितली तरच आणि दाखवली तशीच.

पुढे धाकट्याला दमा निघाला. कापराच्या उग्र वासाने त्याचा खोकला वाढतो, म्हणून वाटीत आता नुसते खोबरेल असते. धाप लागली की आधी त्याला ताठ बसवतो आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेला पंप स्पेसरमधून देतो. त्या वेळी त्याला आडवे करून चोळत नाही. धाप पूर्ण ओसरली की अम्मींची पाळी. श्वास ओढून ओढून त्याची मान आणि खांदे भरून आलेले असतात. अम्मींचा हात फिरला की त्याचे खांदे खाली येतात. दवा आणि दुवा, दोघांनाही आपापली जागा मिळाली.

मागच्या महिन्यात दिराची सहा महिन्यांची मुलगी सर्दीने किरकिरत होती. अम्मींनी वाटी उचलली नाही. मुलीला झोपू दिले, आम्हाला घड्याळ धरायला सांगितले आणि तसबीह हातात घेतली. एका श्वासाला एक मणी. तेहतिसाचा मणी ओलांडला तेव्हा आमचाच श्वास अडकला. मिनिट संपले.

“बेचाळीस,” अम्मी म्हणाल्या. “पन्नासच्या आत आहे ना?”

“आहे, अम्मी.”

मग त्यांनी तळहातावर थोडे कोमट तेल घेतले.